मत द्यायचा हक्क नाही, तरी बजेट झोडणारा प्रोफेसर: गोपाळ कृष्ण गोखले, सोप्या भाषेत

दरवर्षी 1 फेब्रुवारीला बजेट येतं, अर्थमंत्री दीड-दोन तास बोलतात, मग रात्रीपर्यंत टीव्हीवर काय स्वस्त काय महाग हे चालतं आणि आपल्यापैकी बहुतेकांना शेवटी एवढंच कळतं की टॅक्सचा स्लॅब बदलला की नाही. आणि त्याच सुमारास कुणीतरी हटकून म्हणतं की बजेटवर बोलावं तर गोखल्यांनी. म्हणजे नामदार गोपाळ कृष्ण गोखले. नाव सगळ्यांना माहीत असतं पण पुढे विचारलं तर शाळेतली तीनच वाक्यं बाहेर पडतात, गांधीजींचे राजकीय गुरू, भारत सेवक समाज काढला, मवाळ होते. संपलं. पुण्यतिथी 19 फेब्रुवारीला, म्हणजे नेमकी सरकारी शिवजयंतीच्या दिवशी, त्यामुळे तीही कुणाच्या लक्षात येत नाही.

त्यात मवाळ ही आता जवळजवळ शिवीच झालीये, कुणी आवाज न चढवता चार आकडे मांडून बोललं की झाला तो मवाळ. पण हा माणूस नक्की करायचा काय? मोर्चे काढले नाहीत, तुरुंगात गेला नाही, लाखो मतं मिळवून निवडून आला नाही, आणि तरी कलकत्त्याला, म्हणजे तेव्हाच्या राजधानीत, व्हाइसरॉयच्या तोंडावर सरकारचा हिशोब चुकलाय असं सांगायचा आणि समोरचे ऐकून घ्यायचे. हे कसं जमायचं ते जरा नीट बघूया.

## आधी मवाळ-जहाल एकदाच सांगून टाकतो

काँग्रेस 1885 ला निघाली. तिच्यात हळूहळू दोन गट पडले. एक म्हणायचा की कायद्याच्या चौकटीत राहून, अर्ज, भाषणं, शिष्टमंडळं, कौन्सिलातली चर्चा या मार्गाने हक्क एकेक करून मिळवू, हे मवाळ, ज्यांना नेमस्तही म्हणतात. फिरोजशहा मेहता, सुरेंद्रनाथ बॅनर्जी, गोखले हे त्यातले. दुसरा गट म्हणायचा की अर्ज करून कुणी राज्य सोडत नाही, लोकांना उठवा, बहिष्कार घाला, हे जहाल, टिळक, लाला लजपतराय, बिपिनचंद्र पाल. जहालांनी मवाळांच्या राजकारणाला भिक्षांदेही म्हणून हिणवलं आणि तो शिक्का आजपर्यंत पुसला गेला नाही. एवढं पुरे.

## हा प्रोफेसर आला कुठून

जन्म 9 मे 1866, गुहागर तालुक्यातलं कोतळूक. बालपण कागलला, वडील तिथे संस्थानात नोकरीला होते. गोपाळ तेरा वर्षांचा असताना वडील गेले, मोठ्या भावाने, गोविंदरावांनी, शिक्षण सोडून पंधरा रुपये महिन्याची नोकरी धरली आणि त्यातले आठ रुपये धाकट्याच्या शिक्षणाला पाठवले. हा पंधरा रुपयांचा आकडा लक्षात ठेवा, पुढे मिठाचा टॅक्स येणारे तेव्हा लागेल.

1884 ला एल्फिन्स्टनमधून बी.ए. आणि लगेच पुढच्या वर्षी पुण्याच्या न्यू इंग्लिश स्कूलमध्ये मास्तर. तेव्हा टिळक, आगरकर वगैरे मंडळींनी डेक्कन एज्युकेशन सोसायटी काढलेली होती, 1885 ला फर्ग्युसन कॉलेज सुरू झालं. गोखले सोसायटीचे आजीव सभासद झाले, म्हणजे वीस वर्षं इथेच शिकवायचं आणि महिन्याला पंचाहत्तर रुपयांच्या आसपास पगारावर भागवायचं अशी शपथ. बी.ए. झालेल्या माणसाला तेव्हा सरकारी नोकरीत यापेक्षा कितीतरी जास्त मिळालं असतं. इंग्रजी शिकवलं, टिळक 1890 ला सोसायटी सोडून गेल्यावर गणित शिकवलं, नंतर इतिहास आणि अर्थशास्त्र. अंकगणिताचं पाठ्यपुस्तकही लिहिलं, ते शाळांमध्ये बरीच वर्षं चाललं. 1885 ते 1902, सगळा उमेदीचा काळ फळ्यासमोर गेला.

गंमत म्हणजे प्रोफेसराने राजकारण करावं का, हा वाद आजचा नाही, तो गोखल्यांच्या बाबतीत त्यांच्याच सोसायटीत झालाय. टिळकांचं म्हणणं होतं की आजीव सभासदाने बाहेरची कामं घ्यायची नाहीत, पूर्ण वेळ संस्थेला. आणि गोखल्यांनी 1890 मध्ये सार्वजनिक सभेचं, म्हणजे लोकांची गाऱ्हाणी सरकारपुढे मांडणाऱ्या पुण्यातल्या संस्थेचं, चिटणीसपद घेतलं. टिळक बाहेर पडले त्याला कारणं बरीच होती, आगरकरांशी सुधारणेवरून पटत नव्हतं, पैशावरून कुरबुरी होत्या, पण हे चिटणीसपदही त्यातलं एक. म्हणजे पुढे जे दोघं सगळ्या देशात एकमेकांसमोर उभे राहिले त्यांचं पहिलं भांडण स्टाफरूममधलं होतं असं म्हटलं तरी चालेल.

आणि या सगळ्याच्या वर न्यायमूर्ती रानडे. सार्वजनिक सभेचं त्रैमासिक गोखले संपादित करायचे आणि रानडे सरकारी अहवालांची जाडजूड बाडं त्यांच्याकडून वाचून घ्यायचे, लेख परत परत लिहून घ्यायचे. दुसरा एक माणूस फारसा कुणाला माहीत नाही, गणेश व्यंकटेश जोशी. शिक्षण खात्यातला मास्तर, पण सरकारी आकडेवारीत बुडालेला माणूस. कलकत्त्याच्या भाषणांमागे जे आकडे होते त्यातले कितीतरी या जोशीमास्तरांनी काढून दिलेले. नाव गोखल्यांचं झालं, ते साहजिक आहे, पण मला या मास्तराचं फार कौतुक वाटतं.

## कौन्सिल नावाचं जे काही होतं ते काय होतं

आज आपण संसद म्हणतो तसलं ते काही नव्हतं. व्हाइसरॉयच्या कायदे कौन्सिलात बहुमत कायम सरकारी अधिकाऱ्यांचं. 1892 च्या कायद्याने थोडे बिनसरकारी लोक आत आले, तेही सरळ जनतेने निवडलेले नाहीत. गोखले 1899 ला मुंबई कौन्सिलात गेले आणि मुंबई कौन्सिलातल्या बिनसरकारी सभासदांनी त्यांना 1902 पासून कलकत्त्याला पाठवलं, मेहतांच्या जागी.

आता आत गेल्यावर करता काय यायचं? बजेटवर बोलता यायचं. बस. बजेटवर मतदान नाही, एखादी रक्कम कमी करा अशी सूचना मांडता येत नाही, प्रश्न विचारता येतो पण उत्तर आल्यावर त्यावर उपप्रश्न विचारायचा नाही. बजेट आधीच ठरलेलं असायचं, वर्षातून एक दिवस त्यावर भाषणं व्हायची, बहुतेक लोक अर्थखात्याच्या साहेबांचं अभिनंदन करून खाली बसायचे. असल्या ठिकाणी 26 मार्च 1902 ला पस्तिशीचा एक प्रोफेसर उभा राहिला आणि म्हणाला की मला प्रामाणिकपणे या अभिनंदनात सामील होता येत नाही.

## सात कोटी शिल्लक पडली, मग त्यात वाईट काय?

इथेच सगळी मेख आहे म्हणून जरा थांबून सांगतो.

त्या वर्षी सरकारकडे खर्च भागून तब्बल सात कोटी रुपये उरले होते. आपल्याला वाटेल वा, शिल्लक म्हणजे कारभार चांगला. पण ते वर्ष कसलं होतं बघा. 1896-97 चा दुष्काळ, मग 1899-1900 चा छप्पन्न्याचा (संवत 1956 चा) दुष्काळ, मध्ये 1896 पासून प्लेग. लोक खंगलेले आणि तिजोरी भरलेली. गोखल्यांनी विचारलं, हे पैसे आले कुठून?

आता भारत सरकारला दरवर्षी विलायतेला मोठी रक्कम पाठवावी लागायची, कर्जाचं व्याज, साहेबांच्या पेन्शनी, लंडनच्या ऑफिसचा खर्च, याला होम चार्जेस म्हणायचे, ते साधारण पावणेदोन कोटी पौंडांच्या आसपास होते. कर गोळा व्हायचा रुपयात आणि हे द्यायचं पौंडात. आणि रुपया होता चांदीचा, चांदी जगभर स्वस्त होत चालली तसा तो घसरत गेला, 1890 च्या दशकाच्या मध्यावर एका रुपयाला जेमतेम 13 पेन्स मिळायचे. त्या वेळी 240 पेन्सांचा एक पौंड, म्हणजे एका पौंडाला साडेअठरा रुपये मोजा. हा खड्डा भरायला सरकारने कर वाढवत नेले, मिठावरचा कर 1888 ला मणाला दोनाचा अडीच रुपये केला, प्राप्तिकर आणला, आयातीवर जकात बसवली, देशी गिरण्यांच्या कापडावर कर बसवला.

मग 1893 ला सरकारने टांकसाळी लोकांच्या चांदीसाठी बंद केल्या, म्हणजे चांदी नेऊन देऊन तिचे रुपये पाडून घ्यायची सोय बंद, रुपयांची आवक आवळली आणि काही वर्षांत रुपया 16 पेन्सांवर आणून बसवला. आता पौंडाला लागायचे फक्त पंधरा रुपये. पौंडामागे साडेतीन रुपये वाचले. पावणेदोन कोटी पौंडांवर हा फरक किती होतो तुम्हीच गुणून बघा, सहा कोटींच्या घरात जातो.

आणि कर? कर तिथेच. एक इंच खाली नाही.

हे घरातल्या गोष्टीसारखं आहे. समजा मुलगा अमेरिकेत शिकतोय, डॉलर महागला म्हणून घरात सगळ्यांनी दरमहा दोन-दोन हजार जास्त काढायचं ठरलं, आजीने औषधात काटकसर केली, बहिणीने क्लास सोडला. दोन वर्षांनी डॉलर चांगला स्वस्त झाला, फी भरायला कमी पैसे लागायला लागले, पण वडील कुणाला काही न बोलता तेवढीच वर्गणी घेत राहिले आणि वर्षाअखेरीला पासबुक दाखवून म्हणाले, बघा मी किती शिल्लक टाकली! आजीने काय म्हणावं?

गोखले म्हणाले की अडचणीच्या काळासाठी लावलेला कर अडचण संपल्यावर चालू ठेवायचा तुम्हाला नैतिक हक्क नाही, आणि या शिल्लकीचा अर्थ एवढाच की लोकांची स्थिती आणि तिजोरीची स्थिती यांचा एकमेकींशी संबंध राहिलेला नाही. दुसरं, रुपया कृत्रिमपणे महाग केल्यावर शेतकऱ्याचा शेतसारा तेवढाच रुपयांत राहिला पण तो रुपया कमवायला त्याला जास्त माल विकावा लागणार. म्हणजे कर न वाढवता कर वाढला.

मग मीठ. मणाला अडीच रुपये कर, सरकारी मण साधारण 37 किलोचा. आता तो गोविंदरावांचा पंधरा रुपये पगार आठवा, आणि ते तर इंग्रजी शिकलेले कारकून, शेतमजुराचं उत्पन्न त्याहून कितीतरी खाली. गोखल्यांनी भावनेचं भाषण केलं नाही. लोकसंख्येच्या मानाने मिठाचा खप जसा वाढायला हवा तसा वाढत नाहीये हे सरकारच्याच आकड्यांनी दाखवलं, आणि हा कर वाढवताना खुद्द सरकारमधल्या मोठ्या साहेबांनी कसा खेद व्यक्त केला होता ती त्यांचीच वाक्यं वाचून दाखवली. हे खरं मास्तरी कसब. समोरच्याच्या वहीतूनच त्याची चूक काढून दाखवायची, म्हणजे उत्तर द्यायचं तर त्याला स्वतःची वही खोटी ठरवावी लागते.

पुढे काय झालं? 1903 मध्ये मिठावरचा कर दोन रुपये झाला, 1905 ला दीड, 1907 ला एक. 1903 लाच प्राप्तिकराची मर्यादा वर्षाला पाचशेवरून हजार रुपये केली, म्हणजे छोटे कारकून-दुकानदार सुटले. मिठाचा कर उतरल्यावर खप वाढला हेही गोखल्यांनी पुढच्या भाषणांत ठणकावून दाखवलं. आता हे सगळं एकट्या गोखल्यांमुळे झालं असं मी म्हणणार नाही, तिजोरी खरंच तुडुंब होती आणि काँग्रेस कितीतरी वर्षं ही मागणी करतच होती. आणि देशी कापडावरचा कर, तो मँचेस्टरच्या गिरणीवाल्यांच्या फायद्यासाठी होता, तो काही त्यांच्या हयातीत गेला नाही, 1926 उजाडलं. म्हणजे जिथे ब्रिटिश व्यापाऱ्याच्या खिशाला हात लागत नव्हता तिथे युक्तिवाद चालला, जिथे लागत होता तिथे नाही. ही मवाळ मार्गाची खरी मर्यादा, आणि ती आकड्यांतच दिसते.

## मतच नाही तर भाषण कुणासाठी?

हा प्रश्न तरुण गोखल्यांनी स्वतःच रानड्यांना विचारला होता. आपण रात्र रात्र जागून अर्ज तयार करतो आणि सरकार दोन ओळींचं उत्तर देऊन कचऱ्यात टाकतं, मग हे करायचं कशाला? रानड्यांचं उत्तर गोखल्यांनी पुढे सांगून ठेवलंय, आशय असा की अर्जावर नाव सरकारचं असतं पण खरा अर्ज लोकांना लिहिलेला असतो, या विषयांवर विचार कसा करायचा हे लोकांना कळावं म्हणून.

कौन्सिलातली भाषणं वर्तमानपत्रांत पानंच्या पानं छापून यायची. तोपर्यंत बजेट हा साहेबांचा खाजगी विषय होता, सामान्य शिकलेल्या माणसाला त्यात काही कळत नाही असंच धरलेलं होतं. गोखल्यांच्या भाषणानंतर मद्रासचा वकील, लाहोरचा मास्तर, नागपूरचा कारकून यांना सरकारी आकडा तपासता येतो हे कळलं. अशिक्षित शेतकऱ्यापर्यंत हे गेलं का? नाही गेलं. तिथपर्यंत पोचायला टिळक आणि मग गांधी लागले, ते नाकारण्यात काही अर्थ नाही.

## "पण त्यांनी इंग्रजांची माफी मागितली होती ना?"

हो, मागितली होती. हे लपवायचं काही कारण नाही.

1897 ला गोखले लंडनला होते. भारताच्या खर्चाची चौकशी करायला वेल्बी कमिशन बसलं होतं, त्याच्यापुढे साक्ष द्यायला गेले होते, वय अवघं तीस, साक्ष उत्तम झाली. त्याच वेळी पुण्यात प्लेग, रँडसाहेबाची प्लेग कमिटी, गोरे सोल्जर घराघरांत शिरून झडत्या घेतायत, लोक संतापलेले. पुण्याहून मित्रांची पत्रं गेली, त्यात सोल्जरांनी बायकांवर अत्याचार केल्याचं लिहिलेलं होतं. गोखल्यांनी ते मँचेस्टर गार्डियनला सांगितलं, इंग्लंडात खळबळ उडाली. त्याच सुमारास, 22 जूनला, चापेकरांनी रँडवर गोळ्या झाडल्या. परत आल्यावर सरकारने विचारलं, पुरावा द्या. आणि ज्यांनी पत्रं लिहिली ते कुणीच नाव पुढे करायला तयार होईनात, त्या वातावरणात कोण होणार. गोखल्यांनी त्यांची नावं फोडली नाहीत आणि स्वतः जाहीर बिनशर्त माफी मागितली.

आता एका बाजूने बघितलं तर ज्या विधानाला आपण साक्षीदार उभा करू शकत नाही ते मागे घ्यायचं, हा अभ्यासकाचा नियम त्यांनी स्वतःला लावला. एवढं ठीक आहे. पण माझं स्पष्ट मत, ती माफी गरजेपेक्षा फार जास्त होती. आरोप मागे घेणं वेगळं आणि सोल्जरांची, गव्हर्नरची भरभरून माफी मागणं वेगळं. त्याच वर्षी टिळकांना राजद्रोहाखाली दीड वर्षाची शिक्षा झाली, मग लोकांनी दोघांची तुलना केली तर लोकांचं काय चुकलं? त्या वर्षीच्या अमरावतीच्या काँग्रेसमध्ये गोखल्यांकडे लोक पाठ फिरवून होते. दुसरा कुणी असता तर राजकारण सोडून परत वर्गात जाऊन बसला असता. ते दोन वर्षांनी मुंबई कौन्सिलात होते.

## शाळेचं बिल, जे पडलं

माझ्या मते त्यांच्या सगळ्या कारकिर्दीतलं हे सगळ्यात मोठं काम आणि ते सपशेल हरले.

1909 च्या मोर्ले-मिंटो सुधारणांनी कौन्सिलात ठराव मांडायची, त्यावर मतदान घ्यायची सोय झाली, सरकारवर ते बंधनकारक नाही, पण सोय झाली. (याच सुधारणांनी मुसलमानांसाठी स्वतंत्र मतदारसंघही आणले, तो वेगळा आणि मोठा विषय आहे.) गोखल्यांनी 1910 ला प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं करण्याचा ठराव मांडला आणि मार्च 1911 मध्ये थेट बिल आणलं. 1911 च्या जनगणनेत शंभरातल्या जेमतेम सहा माणसांना लिहिता-वाचता येत होतं.

बिल काय होतं? ऐकून आश्चर्य वाटेल इतकं सौम्य. सक्ती देशभर नाही, ज्या नगरपालिकेला किंवा लोकल बोर्डाला हवी तिने करावी. तीही सरकारची परवानगी घेऊन. तीही जिथे ठराविक प्रमाणात मुलं आधीच शाळेत जातायत तिथेच. फक्त सहा ते दहा वयाची मुलं, मुलींचं नंतर बघू. महिन्याला दहा रुपयांच्या आत कमाई असलेल्या पालकाला फी नाही. खर्चाचे दोन हिस्से सरकारने, एक हिस्सा स्थानिक संस्थेने.

एवढ्या अटी कशाला घातल्या? कारण गोखल्यांना समोरून काय काय कारणं येणार ते पाठ होतं आणि प्रत्येक कारणाला बिलातच उत्तर टाकून ठेवायचं होतं. पैसे नाहीत म्हणाल, घ्या, हळूहळू करा. शिक्षक नाहीत म्हणाल, घ्या, जिथे शाळा आहेत तिथेच करा. लोकांना नको असेल म्हणाल, घ्या, ज्यांना हवं तेच करतील. तरी सरकार म्हणालंच की पैसे नाहीत, मागणी नाही, प्रांतांची सरकारं विरोधात आहेत. आणि नुसतं सरकार नाही, आपलेच काही जमीनदार सभासदही विरोधात, गुराखी शाळेत गेला तर गुरं कोण राखणार ही चिंता होतीच. 19 मार्च 1912 ला मतदान झालं, बाजूने 13, विरोधात 38. बिल पडणार हे माहीत असूनच ते त्या दिवशी बोलायला उभे राहिले होते आणि म्हणाले की आमच्या पिढीच्या वाट्याला देशाची सेवा अपयशातूनच करणं आलंय, तक्रार नाही.

इथे दोन गोष्टी सांगायला हव्यात, नाहीतर सगळं श्रेय एकाच माणसाच्या पदरात पडतं. सक्तीच्या शिक्षणाची मागणी महात्मा फुल्यांनी 1882 लाच शिक्षणाची चौकशी करणाऱ्या हंटर कमिशनपुढे केली होती, निदान बारा वर्षांपर्यंत सक्ती करा म्हणून, आणि शेतकरी-शूद्रांच्या पोरांसाठी केली होती, म्हणजे गोखल्यांच्या बिलाच्या पुढची मागणी तीस वर्षं आधी. आणि प्रत्यक्ष करून दाखवलं ते संस्थानिकांनी, बडोद्याच्या सयाजीरावांनी अमरेलीत 1893 ला प्रयोग केला आणि 1906 ला राज्यभर, शाहू महाराजांनी कोल्हापुरात 1917 ला. शाहू महाराज मूळचे कागलच्या घाटगे घराण्यातले, ज्या कागलात गोखल्यांचं बालपण गेलं. ब्रिटिश मुलखात मुंबई प्रांतात 1918 ला विठ्ठलभाई पटेलांनी नगरपालिकांपुरता असा कायदा करून घेतला, सक्ती ऐच्छिक ठेवायची ही गोखल्यांचीच कल्पना. आणि 6 ते 14 वयाच्या प्रत्येक मुलाला हक्क म्हणून शिक्षण, तो कायदा 1 एप्रिल 2010 ला लागू झाला. बिल पडल्यानंतर अठ्ठ्याण्णव वर्षांनी.

## मवाळ म्हणजे घाबरट?

1904 ला व्हाइसरॉय कर्झनने युनिव्हर्सिटीवर सरकारी पकड बसवणारा कायदा आणला, सरकारी गुप्ततेचा कायदा कडक केला, दोन्हीला गोखल्यांनी कलम न् कलम धरून विरोध केला. 1905 ला बंगालची फाळणी झाली, त्या डिसेंबरात बनारसच्या काँग्रेसचे अध्यक्ष गोखले होते आणि त्यांनी कर्झनच्या कारभाराची तुलना चक्क औरंगजेबाशी केली. बंगालच्या बहिष्काराला पाठिंबाही दिला, फक्त शेवटचं हत्यार म्हणून जपून वापरा असं म्हणाले. 1914 ला सरकार 'सर' करायला निघालं तेव्हा नको म्हणाले.

पण हेही खरं की इंग्रजांशी संबंध तोडायचा नाही यावर ते ठाम होते. 12 जून 1905 ला पुण्यात भारत सेवक समाज काढला, तुटपुंज्या मानधनावर आयुष्यभर देशाचं काम करणारे लोक तयार करायला, आणि त्याच्या घटनेतच लिहिलं की ब्रिटिशांशी आलेला संबंध हा हिंदुस्थानच्या भल्यासाठी झालेला ईश्वरी संकेत आहे. आज हे वाचताना घशात अडकतं, तेव्हाही पुष्कळांच्या अडकलं असणार. 1907 च्या सुरतेच्या काँग्रेसमध्ये तर भर मंडपात पुणेरी जोडा उडाला, तो सुरेंद्रनाथांना लागून मेहतांना लागला आणि काँग्रेस फुटली. त्यानंतर सहा-सात महिन्यांत टिळकांना अटक होऊन सहा वर्षं मंडालेला पाठवलं आणि मवाळांच्या हातात रिकामी काँग्रेस राहिली. तो फुटीचा दोष एका बाजूचा नव्हता, पण फायदा झाला तो सरकारचा.

## गांधींना नक्की काय दिलं

गुरू-शिष्य म्हणून सगळे सांगतात, काम काय झालं ते कमी लोक सांगतात. परदेशी मळ्यांवर करारावर मजूर पाठवायची पद्धत होती, गिरमिट म्हणायचे त्याला, दक्षिण आफ्रिकेतल्या नाताळ प्रांतासाठी अशी भरती बंद करायचा ठराव गोखल्यांनी 1910 मध्ये आणला आणि सरकारने तो मान्य केला. 1912 ला सगळीकडचीच भरती बंद करायचा ठराव मांडला, तो पडला, पद्धत 1917 ला संपली. त्याच 1912 मध्ये मधुमेहाने पोखरलेलं शरीर घेऊन दक्षिण आफ्रिकेला गेले, तिथल्या सरकारातल्या बोथा आणि स्मट्सना भेटून गिरमिटातून सुटलेल्या मजुरांवरचा तीन पौंडांचा कर काढायची बोलणी केली. तिथे कोकणातले मुसलमान बरेच होते, म्हणून गांधींनी त्यांना मराठीत बोलायला लावलं आणि स्वतः त्याचं हिंदुस्थानीत भाषांतर केलं, गांधींचं मराठी किती आहे ते माहीत असल्यामुळे गोखल्यांना त्याचं हसू आलं होतं. आणि 1915 ला गांधी परत आल्यावर एक वर्ष फक्त देश बघ, बोलू नकोस, हा सल्ला. गांधींनी तो पाळला. गोखले मात्र त्याच फेब्रुवारीत गेले, वय अठ्ठेचाळीस. टिळकांनी स्मशानात जे भाषण केलं त्यात त्यांना हिंदुस्थानचा हिरा म्हटलं, आयुष्यभर भांडलेला माणूस असं बोलतो तेव्हा ते नुसत्या शिष्टाचारापोटी नसतं.

## आज असा माणूस चालेल का?

लोक हळहळतात की असे अभ्यासू नेते आता नाहीत. पण एक गोष्ट या हळहळीत विसरली जाते. गोखल्यांना निवडून कोण द्यायचं? मुंबई कौन्सिलातले मूठभर बिनसरकारी सभासद, बहुतेक वकील, सरदार, व्यापारी. ज्या शेतमजुराच्या मिठासाठी ते भांडले त्याचं मत त्यांना कधी मागावंच लागलं नाही, त्यामुळे नुसते आकडे बोलायची चैन परवडत होती. 1918 ला मवाळांनी काँग्रेस सोडून वेगळा लिबरल पक्ष काढला आणि मतदार थोडे वाढल्यावर जे व्हायचं ते झालं. 1923 च्या निवडणुकीत सुरेंद्रनाथ बॅनर्जी, जे काँग्रेसचे दोनदा अध्यक्ष आणि त्या वेळी बंगालचे मंत्री होते, ते राजकारणात नवख्या अशा डॉक्टर बिधानचंद्र रॉय यांच्याकडून पडले. गोखले तोवर जगले असते आणि उभे राहिले असते, तर मला वाटतं पुण्यात तेही पडले असते.